रेसिंग गेम नव्यानं सुरू करताय? आधी ब्रेक शोधा

इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्स आहे, गाड्यांच्या चाचण्या घेण्याचं सरकारी केंद्र. तिथला ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक २०२१ साली सुरू झाला. लंबगोल, चार लेनचा, आणि वळणांवर रस्ता असा तिरका बांधलेला की ताशी २५० किलोमीटरला स्टिअरिंग फारसं न ओढताही गाडी वळण घेते. गाडी तपासायला जागा उत्तम. पण हाच ट्रॅक कुणी जसाच्या तसा गेममध्ये घालून दिला, तर दुसऱ्या फेरीला तुम्ही व्हॉट्सअ‍ॅप उघडाल.

नव्या माणसाला वाटतं की जितका वेग जास्त तितकी मजा जास्त. म्हणून तो सगळ्यात महागडी गाडी निवडतो, बोट रेसवर (म्हणजे अॅक्सिलरेटरवर) दाबून धरतो, चार भिंतींना घासतो आणि "आपल्याला नाही बुवा जमत" म्हणून उठतो. मजा सुरू होते ती समोर वळण दिसल्यावर. आता वेग किती कमी करू? कुठून कमी करू? चांगला रेसिंग गेम हाच प्रश्न दर पाच-दहा सेकंदांनी विचारत राहतो, आणि उत्तर चुकलं तर का चुकलं तेही लगेच दाखवतो. गाड्यांची यादी, पावसाचे थेंब, चकाचक बॉनेट या सगळ्याचा नंबर त्यानंतर.

ज्यांच्या घरी मुलांमुळे कन्सोल आलाय, किंवा ज्यांचा या गेमशी शेवटचा संबंध सायबर कॅफेतल्या रोड रॅशपुरता होता, त्यांच्यासाठी हे लिहितेय. क्रमानं करत गेलात तर बरं. मधली एखादी पायरी गाळलीत तरी चालेल, दुसरी आणि चौथी मात्र गाळू नका.

पायरी १: आधी घरात काय आहे ते बघा

लगेच काही विकत घेऊ नका. नुसता मोबाईल असेल तर हिल क्लाइंब रेसिंग उतरवून घ्या. फिनलंडमध्ये तयार झालेला हा २०१२ चा गेम दिसायला अगदीच पोरखेळ आहे. एक जीप, टेकड्या आणि दोनच पेडल: रेस आणि ब्रेक. स्टिअरिंग नाहीच. पण चढाच्या माथ्यावर रेस सोडायची अक्कल आली नाही तर जीप पालथी पडते, ड्रायव्हरची मान मोडते आणि खेळ खलास. गाडी हवेत असताना रेस दिली तर नाक वर जातं, ब्रेक दाबला तर खाली. दोन बटणांत एवढं सगळं बसवलंय, आणि प्रत्येक वेळी चूक आपलीच होती हे स्वच्छ दिसतं. मोठमोठ्या गेमना हे साधत नाही.

मोबाईलवर अ‍ॅस्फाल्टही लोकप्रिय आहे. २०१८ च्या अ‍ॅस्फाल्ट ९ पासून त्यात टचड्राइव्ह नावाची सोय आली. रेस आणि स्टिअरिंग गेमच सांभाळतो, आपण फक्त रस्ता निवडायचा, ड्रिफ्ट (वळणावर गाडी आडवी घसरवणं) करायचा आणि नायट्रो (क्षणभर वेगाचा धक्का) द्यायचा. बसमध्ये एका हातानं खेळायला ठीक. शिकायला मात्र सेटिंग्जमध्ये जाऊन ती बंद करा.

लॅपटॉप असेल, अगदी जुना असला तरी, सुपरटक्सकार्ट घ्या. पूर्ण मोफत, ओपन सोर्स, आणि एकाच स्क्रीनचे भाग करून घरातल्यांना एकत्र खेळता येतं. घरात प्लेस्टेशन असेल तर ग्रान टुरिस्मो ७, एक्सबॉक्स किंवा बऱ्यापैकी पीसी असेल तर फोर्झा होरायझन ५, निन्टेंडो स्विच असेल तर मारिओ कार्ट ८ डिलक्स. यातला कुठलाही एक पुरे. एकदम तीन घेऊ नका, कशातच हात बसणार नाही.

पीसीवर खेळणार असाल तर कंट्रोलर मात्र हवा, कारण कीबोर्डचं बटण एकतर दाबलेलं असतं किंवा नसतं. अर्धा ब्रेक, पाव रेस असं काही त्याला ठाऊक नाही. इंदूरच्या जेल रोडला किंवा सिल्व्हर मॉलमध्ये सेकंडहँड कंट्रोलर बघायला जाणार असाल तर दोन गोष्टी तपासा. स्टिक (अंगठ्यानं फिरवायची कांडी) सोडून द्या आणि बघा, गाडी आपोआप एका बाजूला ओढली जात असेल तर स्टिक खराब आहे. मग विंडोजमध्ये गेम कंट्रोलरची जी टेस्टची खिडकी उघडते, तिच्यात मागचे ट्रिगर (तर्जनीनं दाबायची बटणं) हळूहळू दाबा. पट्टी हळूहळू सरकली पाहिजे. एकदम टोकाला गेली, तर तो नुसता नावाचा ट्रिगर आहे, प्रत्यक्षात साधं बटण. असा कंट्रोलर क्रिकेटच्या गेमला चालेल, रेसिंगला नाही. दुकानदार "सब चलता है भिया" म्हणणारच. तुम्ही खिडकीकडे बघा.

पायरी २: हळू गाडी, छोटा ट्रॅक

उन्हाळ्याच्या सुट्टीत बहिणीचा मुलगा लोकमान्य नगरला आमच्याकडे आला होता. त्यानं लाल फेरारी निवडली. उजव्या ट्रिगरवर बोट इतकं दाबलेलं की नख पांढरं पडलं होतं. पहिल्या वळणावर भिंत, दुसऱ्यावर भिंत, तिसऱ्यावर गाडी उलट्या दिशेला.

"मावशी, ह्या गाडीला ब्रेकच नाहीये!"

"आहे की. डाव्या बोटाखाली."

"ते दाबलं की गाडी मागे जाते."

खरंच आहे. बहुतेक गेममध्ये गाडी थांबल्यावरही ब्रेक दाबून ठेवला की रिव्हर्स लागतो. त्यानं ब्रेक दाबून बघितला होता तो फक्त भिंतीला धडकल्यावर, त्यामुळे त्याच्या लेखी ते मागे जायचं बटण होतं.

मी त्याला होंडा फिट दिली आणि त्सुकुबाचा ट्रॅक लावला. जपानमधला हा खरा ट्रॅक जेमतेम २ किलोमीटरचा आहे, त्यामुळे तेच वळण मिनिट-सव्वा मिनिटात परत समोर येतं, आधीची चूक डोक्यात ताजी असताना. पहिल्यांदा त्यानं इतक्या लांबून ब्रेक मारला की गाडी वळणाच्या आधीच उभी राहिली. पुढच्या फेरीत जरा उशिरा, मग आणखी जरा उशिरा. एकदा गाडी आतल्या पांढऱ्या-लाल कडेला चाटून स्वच्छ बाहेर पडली. पोरगा काही बोलला नाही, पण सोफ्यावर अख्खा डावीकडे कलला होता. शर्यत वगैरे काही नव्हती, समोर दुसरी गाडी नव्हती. तरी त्यानं जेवणाला बोलावल्यावर "थांब ना" म्हटलं.

हळू गाडी का, तर हिशोब साधा आहे. ताशी १०० ला गाडी सेकंदाला २८ मीटर जाते, २०० ला ५६. आणि वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं. फेरारीत वळण दिसेपर्यंत ते येऊन गेलेलं असतं, विचार करायला वेळच उरत नाही. छोट्या गाडीत चूक हळू घडते, म्हणून ती दिसते. ग्रान टुरिस्मो ७ सुरुवातीला तीन छोट्या जपानी गाड्यांतूनच एक निवडायला लावतो. लोक त्यावर कुरकुर करतात, पण करणाऱ्यानं विचार करूनच केलंय. १९९७ साली या मालिकेतला पहिला गेम आला तेव्हा लायसन्सच्या परीक्षा होत्या, आणि त्यातला पहिलाच धडा होता गाडी सोडून ठरलेल्या पट्ट्यात थांबवण्याचा. वळणं त्यानंतर.

पायरी ३: खेळण्याआधी दहा मिनिटं सेटिंग्जमध्ये

इथे लोक सर्वात जास्त कंटाळा करतात आणि निम्मी मजा इथेच गमावतात.

आधी टीव्ही. आजकालचे टीव्ही चित्र सुंदर दिसावं म्हणून त्यावर बरीच प्रक्रिया करतात आणि त्यात वेळ जातो. बातम्या बघताना कळत नाही. गेममध्ये मात्र तुम्ही ब्रेक दाबल्यावर एक दशांश सेकंदानं गाडी ऐकत असेल, तर ताशी २०० च्या वेगात ती तेवढ्यात साडेपाच मीटर पुढे गेलेली असते. एका मोठ्या कारच्या लांबीहून जास्त. टीव्हीच्या रिमोटवरून पिक्चर मोडमध्ये जाऊन गेम मोड लावा. एवढ्यानं कितीतरी जणांची "गाडी जड वाटते" ही तक्रार मिटते.

गेममध्ये ग्राफिक्स आणि परफॉर्मन्स असे दोन पर्याय दिसले तर डोळे मिटून परफॉर्मन्स घ्या. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे दर १६-१७ मिलिसेकंदाला रस्त्याची नवी खबर. ३० चित्रांत तीच खबर दुप्पट उशिरा येते. झाडांची पानं थोडी कमी दिसली तर काय बिघडतं?

मग कॅमेरा. सुरुवातीला गाडीच्या मागचा घ्या, गाडी रस्त्यात कुठे आहे ते कळतं. हात बसला की बॉनेटवरचा लावून बघा. त्याच गाडीचा वेग अचानक वाढल्यासारखा वाटेल. ड्रायव्हरच्या सीटवरून दिसणारा कॅमेरा छान असतो, पण त्यानं काहींना मळमळतं. तसं झालं तर हट्ट न करता मागच्या कॅमेऱ्यावर या, आणि मोशन ब्लर (वेगात चित्र धूसर करणं), कॅमेरा हलणं हे बंद करा.

आता असिस्ट, म्हणजे गेम तुमच्या वतीनं जे करतो ते. सरसकट चालू ठेवू नका आणि सरसकट बंदही करू नका. एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय), ट्रॅक्शन कंट्रोल (रेस दिल्यावर चाकं जागच्या जागी फिरू न देणारी), स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी गरकन फिरू न देणारी) आणि ऑटोमॅटिक गिअर चालू असू द्या. रस्त्यावर जी रंगीत रेषा दिसते ती फक्त ब्रेकिंगपुरती किंवा वळणांपुरती ठेवा. अख्खी रेष चालू असली की माणूस रस्ता न बघता रेषच बघत बसतो. ऑटो ब्रेक आणि स्टिअरिंग असिस्ट मात्र बंद. जो प्रश्न सोडवायला आपण बसलोय तोच गेमनं सोडवला तर उरलं काय?

माझ्या आईनं हे माझ्याआधी ओळखलं. मारिओ कार्टमध्ये स्मार्ट स्टिअरिंग आधीपासून चालूच असतं. गाडी रस्ता सोडायला लागली की ते तिला हळूच आत वळवतं. पहिल्या शर्यतीत आई पडली नाही, भिंतीला लागली नाही, आणि तिला ते अजिबात आवडलं नाही. "हे तर आपणच वळतंय. मग मी काय नुसती बसून राहू?" बंद करून दिल्यावर ती तीनदा पाण्यात पडली आणि मग पोहे परतायलाही उठेना.

रिवाइंड असेल तर जरूर चालू ठेवा. एक बटण दाबून शर्यत काही सेकंद मागे नेता येते. २००८ च्या रेस ड्रायव्हर: ग्रिडमध्ये ही सोय होती आणि फोर्झानं ती घरोघरी पोहोचवली. जुन्या खेळाडूंना ती लबाडी वाटते. वाटू दे. तेच वळण पाच मिनिटांनी भेटण्याऐवजी लगेच परत घ्यायला मिळणं, शिकणाऱ्याला यापेक्षा चांगलं काय असणार!

पायरी ४: एक वळण, नीट

हे सावकाश वाचा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

रस्त्याला चिकटलेले टायरचे चार तळवे हीच गाडीची सारी ताकद. ती पकड ब्रेक मारायला वापरा, वळायला वापरा, नाहीतर रेस द्यायला वापरा, पण एकूण पकड तेवढीच. पूर्ण ब्रेक दाबून वळायला गेलात तर वळायला काही उरत नाही, आणि गाडी स्टिअरिंग फिरवलेलं असतानाही सरळ निघून जाते. नव्या माणसाची ही सर्वात जुनी तक्रार: "मी वळवतोय, ती वळतच नाही." आणि मग तो आणखी वळवतो.

म्हणून क्रम असा. वळणाआधी रस्त्याच्या बाहेरच्या कडेला या, म्हणजे वळण उजवीकडे असेल तर डाव्या कडेला. गाडी सरळ असतानाच ब्रेक दाबा, जोरात. वेग उतरला की ब्रेक हळूहळू सोडत स्टिअरिंग फिरवा आणि वळणाच्या आतल्या कडेला लागा. तिथून गाडीचं नाक बाहेरच्या रस्त्याकडे वळताना दिसलं की रेस द्यायला सुरुवात करा, पण एकदम पूर्ण नाही. स्टिअरिंग जसजसं सरळ होईल तसतशी रेस वाढवा, आणि गाडीला परत बाहेरच्या कडेपर्यंत पसरू द्या. बाहेर, आत, बाहेर. सगळा रस्ता वापरायचा. आपल्याकडे रस्त्यावर लेन सोडायची नाही असं शिकवतात (निदान शिकवायला हवं), गेममध्ये उलट.

ब्रेक कुठून मारायचा? खरे ट्रॅक असतील तर वळणाआधी अंतराच्या पाट्या असतात: १५०, १००, ५०. नसतील तर झाड, जाहिरातीचा फलक, डांबराचा बदललेला रंग, काहीही खूण धरा. पहिल्या फेरीला मुद्दाम फार लवकर मारा. दर फेरीला खूण थोडी पुढे सरकवा. एका फेरीत गाडी बाहेर जाईल. त्याच्या आधीच्या फेरीची खूण तुमची.

उशिरा ब्रेक मारायचा मोह सगळ्यांना होतो, आणि त्यात वेळ जातोच. आत घुसताना जरा कमी वेगात गेलात आणि लवकर रेस देऊ शकलात, तर तो फायदा पुढच्या सरळ रस्त्यावर शेवटपर्यंत सोबत येतो. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर हे छान दिसतं. २०११ ते २०१३ तिथे फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या, आणि त्या काळच्या एफ-वन गेममध्ये तो ५.१२५ किलोमीटरचा ट्रॅक आहे. तिसऱ्या वळणानंतर किलोमीटरभराचा सरळ रस्ता लागतो आणि त्याच्या टोकाला चौथं वळण. चौथ्यावर कुणाला मागे टाकायचं असेल तर त्याची तयारी तिसऱ्यातून बाहेर पडतानाच करावी लागते.

मारिओ कार्ट, सुपरटक्सकार्ट, अ‍ॅस्फाल्ट यांत भौतिकशास्त्राला सुट्टी असते. तिथे ब्रेकऐवजी ड्रिफ्ट. वळण सुरू होण्याच्या किंचित आधी गाडी आडवी टाकायची आणि धरून ठेवायची. मारिओ कार्टमध्ये चाकांखालून आधी निळ्या, मग केशरी ठिणग्या उडतात. जितका वेळ धराल तितका सोडल्यावर धक्का मोठा. पण फार धरली तर गाडी आतल्या गवतात. प्रश्न पुन्हा तोच: कधी सुरू करू, कधी सोडू?

पायरी ५: शर्यतीआधी घोस्टशी खेळा

टाइम ट्रायल हा मोड बहुतेक गेममध्ये असतो आणि नवे लोक तो उघडतही नाहीत. रिकामा ट्रॅक, आणि सोबत तुमच्याच आधीच्या सर्वोत्तम फेरीची अर्धपारदर्शक गाडी. तिलाच घोस्ट म्हणतात. १९९२ च्या सुपर मारिओ कार्टमध्येही ती होती. ती धडकत नाही, फसवत नाही, आणि बरोब्बर तुमच्याच तोडीची असते. ती कुठल्या वळणावर पुढे सरकते तेवढं बघा. चूक तिथेच आहे.

या बाबतीत ट्रॅकमेनिया मला सगळ्यात प्रामाणिक गेम वाटतो. पीसीवर मोफत सुरू करता येतो. दुसऱ्या गाड्या असल्या तरी धडकत नाहीत, ट्रॅक बहुधा मिनिटभराचे, आणि चुकलं की एक बटण दाबताच गाडी परत सुरुवातीच्या रेषेवर. लोडिंग नाही, "पुन्हा प्रयत्न कराल का" असला मखलाशीचा पडदा नाही. परत सुरू व्हायला वीस सेकंद लागले तर माणूस चिडतो, अर्धा सेकंद लागला तर "एकदाच" म्हणत रात्रीचे बारा वाजतात. नवा गेम पारखताना मी आधी हेच बघते: हरल्यावर तो किती पटकन परत खेळू देतो.

पायरी ६: आता समोर गाड्या

कॉम्प्युटरच्या गाड्यांची काठिण्यपातळी अशी ठेवा की बारा गाड्यांत तुमचा तिसरा ते सहावा नंबर येईल. दरवेळी पहिला येत असाल तर पातळी वाढवा. एकट्यानं सर्वात पुढे पळत राहणं म्हणजे पुन्हा पिथमपूरचा तो लंबगोल.

कधी तुमच्या लक्षात येईल की तुम्ही कितीही छान चालवा, मागची गाडी शेपटीलाच चिकटून आहे, आणि तुम्ही धडकून मागे पडलात की पुढचे सगळे अचानक सुस्तावतात. याला रबर-बँडिंग म्हणतात. शर्यत शेवटपर्यंत रंगावी म्हणून गेम गाड्यांना आत-बाहेर ओढत असतो. थोडं असेल तर चालतं. जास्त झालं की पहिल्या दोन फेऱ्या कशाही चालवा, काय फरक पडतो, असं मनात येतं आणि मजा तिथेच मरते. अशा गेममध्ये प्रतिस्पर्धी सोडा आणि घोस्टकडे परत या.

घरच्यांबरोबर खेळताना मात्र माझं मत बदलतं. मारिओ कार्टमध्ये मागे असलेल्याला जोरदार वस्तू मिळतात, पुढच्याला केळ्याची सालं. हा उघड पक्षपात आहे, आणि त्याच्यामुळेच साठीची आजी, नऊ वर्षांचा नातू आणि कॉलेजातला दादा एका सोफ्यावर खेळू शकतात. दादा तक्रार करणारच. त्याला २०० सीसीचा, म्हणजे सर्वात वेगवान, वर्ग लावून द्या. तिथे मारिओ कार्टमध्येसुद्धा ब्रेक लागतो.

पायरी ७: आवाज वाढवा

वेग ही पडद्यावर केलेली हातचलाखी आहे. कॅमेरा रस्त्याच्या जवळ आणला, कडेला खांब आणि झाडं दाट लावली, नायट्रो दिल्यावर दृश्य किंचित रुंदावलं की तीच गाडी दुप्पट पळते असं वाटतं. १९८६ च्या आउट रनमध्ये साधी सपाट चित्रं मोठी-मोठी होत अंगावर येतात, तरी पोटात गोळा येतो. म्हणून स्पीडोमीटरचा आकडा बघून गेम निवडू नका. ताशी ४०० म्हणणारा गेम रांगत असल्यासारखा वाटू शकतो आणि छोटी गो-कार्ट धडकी भरवू शकते.

आवाजाचा उपयोग मात्र नुसत्या थरारापुरता नाही. टायर बारीक किरकिरायला लागले की पकड संपत आलीय. तिथेच थांबायचं. ते किंचाळायला लागले की तुम्ही हद्द ओलांडलीत, स्टिअरिंग थोडं सरळ करा. इंजिनच्या सुरावरून गिअर कळतो, मग खालच्या आकड्याकडे बघावं लागत नाही. पार्श्वसंगीत अर्ध्यावर आणा, इंजिन आणि टायर पूर्ण. टीव्हीचे स्पीकर फुसके असतील तर साधे हेडफोनही पुष्कळ.

पायरी ८: कुबड्या काढायचा क्रम

एक महिना जाऊ द्या. मग आधी रंगीत रेष बंद करा, खुणा तुमच्या तुम्ही धरा. त्यानंतर स्टॅबिलिटी कंट्रोल. मग मॅन्युअल गिअर, कारण वळणाआधी गिअर उतरवण्याचा ताल एकदा लागला की ऑटोमॅटिककडे परत जाववत नाही. ट्रॅक्शन कंट्रोल त्यानंतर, मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीवर, रेस हलक्या बोटानं द्यायची सवय झाली असेल तरच. एबीएस सगळ्यात शेवटी, आणि नाही काढलंत तरी हरकत नाही. कंट्रोलरवर ते काढून फारसं काही मिळत नाही.

एका वेळी एकच. दोन एकदम काढलीत तर गाडी कशामुळे घसरली ते कळणार नाही.

मोबाईलवाल्यांसाठी थोडं

मोफत गेममध्ये इंधन संपलं, वाट बघा किंवा पैसे भरा, असं येतंच. वाट बघा. गाड्यांचे तुकडे असलेली पाकिटं विकत घेण्याच्या नादी लागू नका. हरण्याचं कारण तुमचं वळण नसून गाडी अपग्रेड नसणं आहे असं गेम सांगायला लागला, की तो शिकवायचा बंद झाला असं समजा. फोन मुलांच्या हातात देत असाल तर प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावून ठेवा.

आणि मे महिन्यातल्या इंदूरच्या दुपारी, चार्जिंगला लावून, जाड कव्हर घालून खेळू नका. फोन तापला की स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग उतरवतो, चित्रं अडखळायला लागतात आणि ब्रेकची खूण हुकते. कव्हर काढा, पंख्याखाली बसा.

स्टिअरिंग व्हील घ्यायचं का?

अजून नाही. फोर्झा होरायझन, मारिओ कार्ट, अ‍ॅस्फाल्ट यांना कंट्रोलरच बरा. व्हीलची खरी किंमत वसूल होते ती असेटो कोर्सा किंवा डर्ट रॅली असल्या गेममध्ये, जिथे व्हीलमधली मोटर पुढच्या टायरची ओढ हाताला देते, आणि टायर सुटले की व्हील एकदम हलकं पडतं. फोर्स फीडबॅक, म्हणजे ही मोटरची ओढ, नसलेलं स्वस्त व्हील घेणं म्हणजे पैसे पाण्यात. आधी एखाद्या गेमिंग कॅफेत तासभर फिरवून बघा. घरी आणणार असाल तर भक्कम टेबल लागेल. घडीच्या टेबलाला अडकवलंत तर वळणाबरोबर टेबलच येईल.

ट्रॅकवरची वळणं पाठ झाली आणि कंटाळा यायला लागला की रॅलीच्या गेमकडे जा (रॅली म्हणजे उघड्या रस्त्यांवर घड्याळाशी लावलेली शर्यत). तिथे पाठांतर चालत नाही. बाजूला को-ड्रायव्हर बसलेला असतो आणि पुढचं वळण दिसायच्या आधीच सांगतो. इंदूरजवळचा भेरूघाट उतरताना शेजारच्या सीटवरून काका "हळू, हळू, पुढे वळण आहे" करतात तसंच, फक्त हा आकड्यांत बोलतो. साधारण १ ते ६. आकडा जितका छोटा तितकं वळण आवळ. सहा म्हणाला तर रेस सोडायची गरज बहुधा नसते, दोन म्हणाला तर आत्ताच ब्रेक. तो जे वाक्य बोलतोय ते या वळणाचं नसतं, पुढच्याचं असतं, त्यामुळे हात एका वळणात आणि कान दुसऱ्यात. सुरुवातीला त्याची भाषा सेटिंग्जमध्ये सोपी करून घ्या, सर्वात कमी ताकदीची, पुढच्या चाकांवर चालणारी गाडी निवडा, आणि पहिले काही स्टेज (शर्यतीचे टप्पे) घड्याळाकडे न बघता नुसते पूर्ण करा.